सोमवारचं पाणी

नाथा विधाते मशीनला आधी हात लावायचा, मग मीटर. सातपूरच्या कारखान्यांमध्ये ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत होती आणि काही जण तिची टिंगलही करायचे. कंपनीचा इंजिनिअर आला की तो आधी बॅग उघडणार, वायरी जोडणार, आकडे वहीत उतरवणार. नाथा नुसता पाइपावर तळहात ठेवायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "दोन डिग्री जास्त आहे." मीटर लावला की दोनच निघायचे. यात जादू काही नव्हती. माणूस मखमलाबादच्या मळ्यात वाढलेला. झेंडूच्या सरीत पाणी कुठवर पोचलंय हे लहानपणापासून अनवाणी पायाने ओळखत आलेला. पण लोकांना जादू आवडते, आणि खरं सांगायचं तर पुढे पुढे नाथालाही ती आवडायला लागली. आपला हात चुकत नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. माझं म्हणणं विचाराल तर त्याच्या आयुष्यात जे वाईट घडलं ते सगळं तिथून सुरू झालं.

आयटीआय करून तो चौऱ्याऐंशी साली पत्र्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. पत्रा कापायचा, वाकवायचा, विजेच्या पॅनेलची खोकी करायची, असं काम. मालक म्हातारा होता. पुढे त्याचा मुलगा महेश बघू लागला. एक्याण्णव साली तिथे पुंजा आला. हा पेठच्या डोंगरातला, बोलायला कंजूष, कामाला मात्र दोन माणसांचा एकटा. दोघांचं जमलं. जेवणाच्या सुट्टीत पुंजाची नागलीची भाकर आणि नाथाच्या घरचं भरीत एकाच फडक्यावर यायचं. पुंजाला नाथाची आईही ओळखायची, आणि मुलाच्या डब्यात दोन भाकरी जास्त बांधायची त्या पुंजासाठीच.

अठ्ठ्याण्णव साली महेशशेठने लेसर कटिंगचं मशीन आणलं. जर्मनीत कुणीतरी वापरून काढून टाकलेलं, पण आमच्याकडे त्याची मिरवणूक निघायची तेवढी बाकी होती. नुसत्या उजेडाने लोखंड कापतं म्हणजे काय! आजूबाजूच्या कारखान्यांतले लोक सुट्टीत बघायला यायचे. नाथा त्यांना समजावून सांगायचा. त्या लांबलचक पेटीत काचेच्या नळ्या आहेत, त्यांत तो उजेड तयार होतो. उजेड थोडा, उष्णता फार. ती उष्णता काढायला पेटीभोवती सतत गार पाणी फिरतं राहिलं पाहिजे. ते पाणी गार करणारा चिलर मागे उभा, शेजारी त्याची टाकी. आणि त्या टाकीत फक्त डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीत घालतात ते. नळाचं नाही, बोअरचं तर नाहीच. नाथाचा नियम होता: दर सोमवारी टाकीतून एक बादली जुनं पाणी काढायचं आणि डब्यातलं तेवढंच नवं घालायचं. हे काम पुंजाकडे होतं.

सोमवारीच नाथाची आई, भागुबाई, कारखान्यात यायची. सोमवारी पहाटे ती बेल आणि फुलं घेऊन त्र्यंबकला जायची, देवळाच्या बाहेर विकायची आणि दुपारी परतीच्या बसमधून सातपूरला उतरायची. उरलेल्या शेवंतीचा एक हार ऑफिसातल्या फोटोला, एक मशीनला. मशीनला ती वाकून नमस्कार करायची. महेशशेठ हसायचा, पण अडवायचा नाही. घरात मातीचा ओटा जाऊन फरशी आली, धाकट्या भावाचं लग्न झालं, ते सगळं या मशीनवर. म्हातारीने नमस्कार केला तर बिघडलं कुठे?

दोन हजार दोनच्या एप्रिलमध्ये मशीनने मान टाकली. आधी सहा मिलीचा पत्रा आरपार कापला जाईना. खालच्या बाजूला लोखंडाचे थेंब गोठून काठ दातेरी यायला लागले. दोन हजार वॅटचं मशीन, मीटरवर सोळाशे दिसले, मग तेराशे. अर्धा तास चाललं की पेटी तापायची, धोक्याचा दिवा लागायचा आणि सगळं आपोआप बंद. वर मोठी ऑर्डर अंगावर घेतलेली. कंपनीचा इंजिनिअर आला, मान हलवली आणि सुटे भाग परदेशातून मागवावे लागतील, दोन महिने धरून चाला, असं सांगून गेला. महेशशेठ नाथाकडे वळला. "नाथाभाऊ, आता तुम्हीच."

नाथाने बारा दिवस त्या मशीनपुढे काढले. त्याची पद्धत एका अर्थाने फार सुंदर होती. तो कुणावर लगेच आळ घ्यायचा नाही. पहिल्या दिवशी लेन्स काढून पाहिली, स्वच्छ होती. दुसऱ्या दिवशी आरसे. मग गॅसचं मिश्रण. मग चिलरच्या जाळीतली धूळ हवेने उडवली, पंखा पाहिला, पंप खोलला, पुन्हा बसवला. तापमान दाखवणाराच खोटं दाखवत असेल म्हणून शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आणून ताडून पाहिला. गाळणीत थोडं हिरवं बुळबुळीत निघालं, ते उन्हाळ्याचं शेवाळं म्हणून धुऊन टाकलं. एकेकाला निर्दोष सोडत तो पुढे सरकत होता. पुंजा त्याच्या हाताखाली, पाने देत, दिवा धरत, न बोलता.

बाराव्या दिवशी त्याने एक हात पेटीवर ठेवला, दुसरा परतीच्या पाइपावर. पेटी हात भाजेल इतकी गरम, आणि परत येणारं पाणी जवळजवळ जसं गेलं तसं गार. म्हणजे पाणी जातंय, फिरतंय, पण उष्णता उचलत नाही. मध्ये काहीतरी आहे. त्याने पेटीचं पाण्याचं तोंड खोललं. आतून नळी पांढरी झाली होती. रुपयाच्या नाण्याएवढा जाड थर, खाली हिरवट चिकटा. त्याने नखाने कपची काढली आणि संडास धुवायच्या ॲसिडचा थेंब तिच्यावर टाकला. ती फसफसली.

"क्षार," नाथा म्हणाला. "साध्या पाण्याचे."

तोवर सगळे गोळा झाले होते. महेशशेठ, लेथवाले, पॅकिंगच्या बायका. नाथा दमलेला होता, खूशही होता, बारा दिवसांनी चोर सापडला होता. आणि त्या तारेत तो बोलून गेला, "यात वर्ष-दीड वर्ष दुसरं पाणी पडलंय. डिस्टिल्डने असं होणं शक्यच नाही."

"पाणी कोण भरतं?" महेशशेठने विचारलं.

सगळ्यांनी पुंजाकडे पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं की ते डबे बॅटरीवाले रोख घेतात. कुणी म्हणालं ते कधीच कळलं नाही. असली वाक्यं कुणाचीच नसतात.

"पुंजा," नाथाने सगळ्यांदेखत विचारलं, "डबे कुठे गेले?"

"टाकीतच ओतले, नाथाभाऊ. दर सोमवारी."

"आणि दुसरं पाणी?"

"दुसरं पानी नाय घातलं. देवाशप्पत."

"मग हे काय आहे?" नाथाने ती कपची त्याच्यासमोर धरली. "मशीन खोटं बोलतंय का?"

पुंजा कपचीकडे बघत राहिला. तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. नाथाला तो कबुलीजबाब वाटला. सगळ्यांनाच वाटला. महेशशेठने पोलिसांत दिलं नाही, यालाच उपकार म्हणायचे. त्याच दिवशी पुंजाचा हिशेब करून त्याला घरी पाठवलं. जाताना तो नाथाला काहीतरी सांगायला वळल्यासारखा झाला, पण नाथा तेव्हा नळीत ॲसिड सोडत होता.

आठ दिवसांत मशीन एकोणीसशे वॅटवर आलं. नाथाची पाठ थोपटली गेली. शेजारच्या कारखान्यांतून त्याला बोलावणी येऊ लागली. पुंजाबद्दल त्याला वाईट वाटत होतं, नाही असं नाही. डबा उघडला की तो फडकं अर्धंच पसरायचा. पण चोरी ती चोरी, असं तो स्वतःला सांगायचा, आणि आईने घरी पुंजाची चौकशी केली तेव्हा म्हणाला की गावी गेला, शेतीला.

भागुबाई त्या मार्चमध्ये मळ्यात घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं. चार महिने ती अंथरुणातच होती. श्रावणात काठी टेकत चालायला लागली आणि पहिल्याच सोमवारी कुणाचं न ऐकता त्र्यंबकला गेली. दुपारी नाथाला चिलरच्या बाजूने आवाज ऐकू आले. पुंजाच्या जागी आलेला शेखर, तिशीचा सरळ माणूस, टाकीसमोर हात पसरून उभा होता. पुढे भागुबाई, एका हातात काठी, दुसऱ्या हातात पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन.

"आजी, झाकण उघडायचं नाही. मला नाथाभाऊंनी सांगितलंय."

"अरं बाबा, पुंजा कसा उघडून द्यायचा! तू नवा हायेस म्हणून."

नाथा पुढे झाला. "आई, कॅनमध्ये काय आहे?"

"तीर्थ. कुशावर्ताच्या कुंडाचं. फडक्यातनं गाळून आनलंय, पाकळी बी नाय ठेवली त्यात."

"हे टाकीत घालायचीस?"

"दर सोमवारी. तूच म्हनला व्हता ना, हे तापलं की तुझं काम संपलं? महादेवाच्या पिंडीवर गळती कशापायी लावत्यात? गार राहावा म्हनून. मग ह्याला नको? पुंजाला म्हनलं, नाथाला सांगू नको, त्यो चिडतो लय." मग ती त्याच्या जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "दीड वरीस मी पानी घातलं, एकदा तरी तापलं का? मी पडले, माझे सोमवार चुकले, आन् मग तापलं. मला अंथरुनात कळलं की माझ्यामुळंच झालं हे. लय रडले मी नाथा. तुला बोलले नाय."

शेखर त्यांच्याकडे बघत उभा होता. नाथाने आईच्या हातातून कॅन घेतला. "दे," तो म्हणाला, "मी घालतो. तू बस जरा." तो कॅन घेऊन कुंपणापाशी गेला आणि कडुनिंबाच्या बुडाशी ओतून आला. पुढचे सगळे सोमवार तो हेच करणार होता.

पुंजा खोटं बोलला नव्हता. दुसरं पाणी घातलं का, म्हणून विचारलं; तीर्थ म्हणजे दुसरं पाणी हे त्याच्या मनातसुद्धा आलं नसणार. नाथाच्या तरी कुठे आलं असतं? नळाचं, बोअरचं, विहिरीचं असं पाणी तो बारा दिवस डोक्यात घोळवत होता. कुशावर्ताचं पाणी त्या यादीत बसतच नव्हतं. त्यातही क्षार असतात हे त्याला शिकवलेलं होतं, पण देवघरातल्या गडूकडे बघून असा विचार करायला आमच्याकडे कुणी शिकवत नाही.

तीन आठवडे तो हे घेऊन नुसता फिरला. याला मी भित्रेपणा म्हणेन. तो स्वतःही तेच म्हणायचा. शेवटी महेशशेठला सांगितलं. महेशशेठ आधी हसला, मग चिडला. म्हणाला, "पुंजाला यायचं असेल तर येऊ द्या. पण हे बाहेर पडायला नको. गिऱ्हाइकं हसतील. आणि आईंचं वय बघा, नाथाभाऊ."

भाद्रपदात नाथा पेठच्या एसटीत बसला. पेठपासून पुढे दुसरी गाडी, मग दीड तास चालणं. पुंजा भाताच्या खाचरात होता. चिखलाचे पाय धुऊन वर आला, ओट्यावर गोणपाट टाकलं. त्याची मुलगी मैना पाण्याचा तांब्या ठेवून, वर न बघता आत निघून गेली. नाथाला आठवलं, तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा अंबडला लेथवर होता. पुंजाने फेब्रुवारीत पेढे वाटले होते.

"लगीन?" त्याने विचारलं.

"मोडलं. कारखान्याच्या गोष्टी कारखान्यात ऱ्हातात व्हय? चोराच्या घरची पोर नको म्हनले."

नाथाने सगळं सांगितलं. मध्ये मध्ये त्याला रडू येत होतं आणि पुंजा दुसरीकडे बघत होता. सांगून झाल्यावर नाथा म्हणाला, "तू बोलला का नाहीस?"

"तवा सुचलंच नाय. तुमी म्हनलात दुसरं पानी. घरी जाताना यष्टीत एकदम टाळक्यात आलं, म्हनलं, म्हातारीचं पानी तर नसंल? मागं फिरनार व्हतो. मग वाटलं, तिचं नाव सांगायचं? सोताला वाचवाया म्हातारीला पुढं करायची? तिच्या हातच्या भाकरी खाल्ल्यात अकरा वर्सं." त्याने पायावरचा राहिलेला चिखल नखाने काढला. "तरी पन तुमी एकट्यानं इचारलं असतं तर सांगितलं असतं. मशीनचा एकेक इस्क्रू बारा दिस तपासला तुमी. मला एकदा बाजूला घेऊन इचारायचं व्हतं, नाथाभाऊ."

नाथा म्हणाला, "परत चल. शेठ घेतोय."

"नाय. तिथं मला परत बगवायचं नाय कुनाकडं. एक करा. जिथं मला इचारलं, तिथंच उभं राहून सगळ्यांना सांगा, पुंजानं डबे नाय इकले."

नाथा हो म्हणायला गेला आणि अडकला. सगळ्यांना सांगायचं म्हणजे पाणी कुणाचं तेही सांगावं लागणार. आई दर सोमवारी तिथे येते. पॅकिंगच्या दोन बायका तिच्याच आळीतल्या. दुसऱ्या दिवशी तिच्या कानावर जाणार की तिच्या तीर्थाने मशीन बिघडवलं, पुंजाची भाकर घालवली आणि मैनाचं लग्न मोडलं.

पुंजाने त्याचा चेहरा पाहिला. पाहून त्यालाच कीव आली बहुतेक. "म्हातारी हाय तवर नको," तो म्हणाला. "तिला कळलं तर ती अन्न सोडील. मागनं सांगा."

"सांगीन. आईशप्पथ सांगीन."

भागुबाई त्यानंतर सहा वर्षं जगली. चांगली जगली, देवाची कृपा. दर सोमवारी कॅन आणायची, पुंजाची चौकशी करायची, आणि मशीन गार आहे ऐकून समाधानाने घरी जायची. नाथा कडुनिंबाला पाणी घालायचा. या सहा वर्षांत त्याच्या मनाचं काय झालं ते बघवत नव्हतं. आईवर त्याचा जीव होता, तिला ताप आला तरी तो रजा टाकायचा. आणि औषधाची गोळी तिच्या तळहातावर ठेवताना आपण नेमकी कशाची वाट बघतोय हे मनात यायचं, की मग त्याला स्वतःची किळस यायची. मैनाला पुढे सुरगाण्याकडच्या एका बिजवराला दिलं. नाथाने आहेर पाठवला. तो परत आला नाही, आणि त्याबद्दल काही निरोपही आला नाही.

दोन हजार आठच्या डिसेंबरात भागुबाई गेली, झोपेत, कुणाला त्रास न देता. तेरावं झालं. चौदाव्या दिवशी नाथा कामावर आला तो डोक्याचा गोटा तसाच घेऊन. सकाळच्या चहाला सगळे लेसरच्या खोलीबाहेर जमतात. तो मधोमध जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला काही सांगायचंय."

लोक त्याच्याकडे वळले. नाथाकाकांची आई गेलेली, माणूस दुःखात आहे, एवढं त्यांना कळत होतं. त्याने सगळं सांगितलं. सहा वर्षं मनात घोळवलेलं होतं, त्यामुळे न अडखळता सांगितलं: क्षार, डबे, कुशावर्त, आई, आणि त्याने स्वतः सगळ्यांदेखत विचारलेला तो प्रश्न. "पुंजाने चोरी केली नव्हती," तो शेवटी म्हणाला. "एक डबासुद्धा विकला नव्हता. चूक माझ्या घरची होती, आणि त्याच्यापेक्षा मोठी चूक माझी."

समोर पंचवीस-तीस माणसं होती. बहुतेक ठेकेदाराची, कुणी नांदेडकडची, कुणी बिहारची. महेशशेठ दोन वर्षांपूर्वीच पुण्याला राहायला गेला होता, कारभार मॅनेजर बघत होता. लेथवाले रिटायर झाले होते, पॅकिंगच्या बायका काम सोडून गेल्या होत्या, शेखर दुसरीकडे लागला होता. नाथा एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहू लागला, आणि तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की त्या दिवशी इथे उभं असलेलं यांच्यात कुणीच नाही.

पुढे बसलेल्या एका पोऱ्याने चहाचा ग्लास खाली ठेवला आणि अगदी आदराने विचारलं, "काका, पुंजा कोण?"

नाथाने सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. माणसं उठली, ग्लास विसळून पालथे घातले आणि कामाला गेली.